चोवीस फोनांची एकच पेटी

मी, रविकांत रामाजी मुनेश्वर, वय ४३, धंदा जिनिंग मिलमध्ये वायरमन, टेलिफोनचे कामही माझ्याकडेच, राहणार गुडीहत्नूर, जिल्हा आदिलाबाद, ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

मिलचे मॅनेजर अनुपराव यांनी फिर्याद दिली आहे की आगीच्या वेळी मी रागापोटी फोन बंद पाडले. राग आहे, तो मी नाकारत नाही. बाकीचे खोटे आहे. चोर तो चोर, वर शिरजोर.

आगीच्या भीतीने मिलमध्ये मोबाइल आत नेऊ देत नाहीत. म्हणून चोवीस जागी जुने वायरचे फोन आहेत. मिलच्या जुन्या टेलिफोन एक्सचेंजला स्वतःची बॅटरी होती, मेन स्विच पाडला तरी फोन चालत. बारा वर्षे मी हेच पाहिले.

दिवाळीनंतर फोन इंटरनेटवर घ्यायचे ठरले. जुने फोन त्याला जोडायला पेटी लागते. मी कागदावर लिहून दिले की आठ-आठ फोनांच्या तीन पेट्या घ्याव्या, वेगवेगळ्या जागी लावाव्या, प्रत्येकीला बॅटरी द्यावी. खाली लिहिले, "बॅटरी नसेल तर करंट गेला की सगळे फोन मरतील." अनुपरावांनी कागद न वाचता चहाच्या कपाखाली ठेवला. म्हणाले, "तुले कोनं इचारलं? वायर ओढ्याचं काम हाय तुयं, तेवढं कर." चोवीस फोनांची एकच पेटी आली. बॅटरी आली नाही. पेटी मीच बसवली. कागदाची नक्कल सोबत देतो.

९ जानेवारीला दुपारी ३.४० वाजता जिनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या खात्यात, आग लागली. माझ्या खोलीतला फोन वाजला. दोन नंबर गोदामातून मजूर मनकर्णाबाई बोलत होत्या. त्या गोदामात त्यांचा दुसराच दिवस होता. म्हणाल्या, "भाऊ, धूर भरून राह्यला. दार उघडत नाई." त्या गोदामाला कापसाच्या गठाणींमागे लहान दार आहे, त्याला कुलूप नसते. बाहेरून माणसे "मेन पाडा" ओरडत होती. आग लागली की आधी मेन, असा मिलचा नियम आहे. स्विच माझ्यापासून तीन पावलांवर होता. मी म्हटलं, "बाई, फोन ठेवू नको. मेन पाडून रस्ता सांगतो."

मेन मी पाडला. परत फोन कानाला लावला. काहीच आवाज नव्हता.

अनुपरावांनी कागद वाचला नव्हता. मी तर लिहिला होता. त्या क्षणी मला तो आठवला नाही.

मी धावत मागच्या दाराने आत गेलो. मनकर्णाबाई कोणत्याच दारापाशी नव्हत्या. फोनपाशी होत्या. रिसीव्हर हातात होता. त्या उठल्या नाहीत.

जबाब जमादारांनी तेलुगूत लिहून मला मराठीत समजावला. त्यात "फोन ठेवू नको" हे माझे शब्द गाळले होते. ते माझ्या सांगण्यावरून पुन्हा घातले. आता जबाब बरोबर आहे.