मिसळणाच्या डब्यातले स्क्रू

ह्यांचा लॅपटॉप दुकानात द्यायचा होता म्हणता, पण नारायण पेठेतला दुकानदारच म्हणाला, "बाई, एवढासा लॅपटॉप. उघडला तर परत जुळेल याची खात्री नाही. नवीन घ्या." मला रागच आला. म्हटलं, आता मीच उघडते.

त्याची हार्ड डिस्क इतकी मंद झालेली, की आमचे हे बटण दाबून आंघोळीला जायचे आणि आल्यावर कामाला बसायचे. ह्यांचं सगळं भाषांतर त्यातच. आधी जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्या, वेगवान एसएसडी डिस्कवर उतरवून घेतलं, मग चष्म्याच्या स्क्रू ड्रायव्हरने लॅपटॉप उघडला. छोटे-मोठे स्क्रू रिकाम्या मिसळणाच्या डब्यात वेगवेगळ्या वाट्यांत ठेवले. हे दारातून म्हणाले, "फोडणीत पडणार नाहीत एवढं बघ."

डिस्क बसली, सगळे स्क्रू जागच्या जागी गेले. ह्यांनी बटण दाबलं आणि सवयीने टॉवेल उचलला.

"अहो, निघालात कुठे? झाला सुरू."

ह्यांनी भाषांतर उघडून शेवटची ओळ तपासली. मग हातातल्या टॉवेलकडे बघून म्हणाले, "मग आता आंघोळ कधी करायची?"

लग्न झाल्यापासून ह्यांनी केलेलं हे माझं पहिलं कौतुक.