कपाटामागची भिंत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय अण्णारावजी, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, माझे सहकारी शिक्षक, शिक्षकेतर बंधू-भगिनी, मुरुडचे ग्रामस्थ आणि विद्यार्थी मित्रहो,

लातूर जिल्हा नवा झाला, त्या वर्षी मी या शाळेत लागलो. आज मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होतोय. माझ्याआधी सहा जण बोलले. त्यांनी ज्या व्यंकट सरांचं कौतुक केलं, ते गृहस्थ कुठं भेटले तर मलाही नमस्कार करायचाय त्यांना! हसा, आत्ताच हसून घ्या. पुढं हसण्यासारखं काही नाही.

"सरांनी दुष्काळातसुद्धा सभागृह सजवलं," असं मघाशी कुणीतरी म्हणालं. माझी मान खाली गेली. मला त्याच भिंतीबद्दल बोलायचंय.

दोन वर्षांमागं, लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं त्या उन्हाळ्यात, मला एक हौस सुटली. पुण्याला मुलाच्या घरी मी काँक्रीटसारखी दिसणारी भिंत पाहिली होती. रंगवलेल्या भिंतीवरच थापीनं पातळ लेप ओढायचा, झालं! गिलाव्यासारखं रोज पाणी मारायला नको. मंचामागची ही भिंत तशी करायची आणि मोठ्या पाहुण्यांना बोलवायचं, असं मी ठरवलं.

काम दिलं पंचशीलाताईंना. माहेर उमरीचं, सासर आपल्याच गावातलं, आणि हे काम नांदेडला शिकून आलेल्या. त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "सर, हे ऑइलपेंट हाय. वरून हितं शिजणाऱ्या खिचडीचा तेलकटपणा लई बसलाय. घासून, साबणानं धुतल्याबगर लेप धरत न्हाई. दोन बकेट पाणी द्या."

मी काय म्हणालो असेन? "ताई, लेकरांना प्यायला पाणी नाही अन् तुम्ही भिंतीला आंघोळ घालायला निघालात?" शिक्षक हसले. मला माझंच बोलणं फार आवडलं. आणि त्याच आठवड्यात पाहुण्यांसाठी आणलेल्या कूलरमध्ये चार बकेटी पाणी मीच ओतायला लावलं.

ताई म्हणाल्या, "मग हे काम मला नगं." मी म्हणालो, "पत्रिका वाटून झाल्यात. तुम्ही लेप लावा, जबाबदारी माझी." अगदी हेच शब्द.

उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे बोलायला उभे राहिले आणि मागून सुपाएवढा पापुद्रा सुटून त्यांच्या खांद्यावर पडला. पाठोपाठ दुसरा. मी माइक ओढला आणि म्हणालो, "बाईच्या हाती थापी दिली, हीच माझी चूक!" तुम्ही टाळ्या वाजवल्यात. पंचशीलाताई त्या दाराशी उभ्या होत्या. तिथूनच निघून गेल्या.

त्यांना मिळालेलं मंगल कार्यालयाचं काम दुसऱ्याला गेलं. एवढी शिकलेली कारागीर लोकांच्या घरी रोजानं चुना मारू लागली. रस्त्यात मी दिसलो की त्या नजर चुकवायच्या, असं मी घरी सांगायचो. अहो, खोटं आहे ते. नजर मी चुकवायचो.

उरलेला लेप मी तेव्हाच खरवडून काढायला लावला होता. परवा आजच्या तयारीसाठी आपल्या ग्यानोबा शिपायानं, उद्घाटनाआधीच या भिंतीला लावून ठेवलेलं ते ट्रॉफ्यांचं कपाट सरकवलं. मागं हातभर तुकडा तसाच होता. करडा, गुळगुळीत, कुठं चीर नाही.

ग्यानोबा म्हणाला, "सर, हे तिनं पहिल्या दिवशी केलतं. नमुना म्हणून. घरून घागर आणून तेवढी भिंत धुतली व्हती. तुमाला दाखवायचं व्हतं. तुमी बघायला आलाच न्हाईत."

मी किल्लीनं खरवडून पाहिलं. कणभर निघालं नाही. मला तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो, हात जोडले. त्या म्हणाल्या, "सर, हितं कोण ऐकायलंय? तवा माइकवर बोलला व्हता न्हवं?"

म्हणून आज माइकवर सांगतो. पंचशीलाताईंचं काम चोख होतं. पाणी मी दिलं नाही. आणि सगळ्यांसमोर खोटं मी बोललो.

अण्णारावजी, संस्थेनं मला छत्तीस वर्षं सांभाळलं, मी ऋणी आहे. जाता जाता एकच विनंती, ते कपाट पुन्हा तिथं ठेवू नका.

बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर ते पोटात घाला. भिंतीचं मात्र तुम्ही मला माफ करू शकत नाही, तो हक्क त्यांचा आहे. त्या आज आलेल्या नाहीत. इथून मी त्यांच्याच घरी निघालोय. त्या दिवशी ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनीही सोबत यावं. नमस्कार.