कौतिकाबाईने सांगितलेला पिक्चर

मंडळी, ऐका! आज आधी एक प्रश्न. सोपा आहे, घाबरू नका! या महिन्यात पिक्चर कुणी कुणी पाहिला? करा हात वर! अहो, लाजता काय? देव काही रागवत नाही. पंधरा-वीस हात आले... आमचे पेटीवालेही आहेत त्यात, शाबास! बरं, कसा होता? — "भारी!" झालं! सगळ्यांचा एकच आवाज! आता छातीवर हात ठेवून सांगा — हे 'भारी' तुमचं स्वतःचं, की शेजारच्याचं उसनं?

आमचे एक पाहुणे आहेत. त्यांनी अर्धा पिक्चर पाहिला आणि उरलेला जावयाकडून ऐकला. आणि गावभर सांगत सुटले — "दुसरा भाग कंटाळवाणा हाये!" अरे बाबा, दुसरा भाग तू पाहिलाच कुठं? कंटाळवाणा तुझा जावई असेल!

हसलात. आता हसू थोडं आवरा, कारण खरा प्रश्न पुढे आहे. समजा, पिक्चर आपल्याच लेकराने काढलाय. सगळं गाव वाहवा करतंय. आणि आपल्या डोळ्याला त्यात एक खोट दिसली. मग जिभेने काय करावं? बोलावं, की गिळून टाकावं? सांगा! आता का बरं गप्प?

एक ओवी सांगतो. कुठल्या ग्रंथात शोधू नका, माझीच आहे, ओबडधोबड —

डोळां जे देखिले । जिव्हे तेचि यावे ।
येर ते राहावे । पोटामाजी ॥

हे मला शिकवलं एका बिड्या वळणाऱ्या बाईने. तिचं नाव कौतिकाबाई. बिडी ओढू नका — ते कीर्तन निराळं, ते पुढच्या वर्षी! आज वळणाऱ्या हातांबद्दल बोलायचंय.

सिन्नर! चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पत्र्याची लांब शेड. भिंतीला पाठ लावून बायांच्या ओळी. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवलेली टेंभुर्णीची पानं. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं — झाली बिडी! पंचवीस बांधल्या की एक जुडी! दिवसाला हजार! मंडळी, आपण दिवसाला हजार वेळा देवाचं नाव घेत नाही हो!

तर हात अडकलेले आणि कान मोकळे. मग कानांना काम काय? या बायांनी एक युक्ती काढली. एका ओळीत बारा जणी. बारा जणींनी मिळून एक तिकीट काढायचं आणि एकीला दुपारच्या खेळाला पाठवायचं. ती गेली की तिच्या वाटच्या बिड्या बाकीच्या अकरा जणी वळणार. ती येणार आणि दुसऱ्या दिवशी अख्खा पिक्चर सांगणार — गाण्यांसकट, मारामारीसकट! आणि शेवटी आपलं मत द्यायचं. बारा जणींत एक तिकीट! एवढा स्वस्त स्वर्ग इंद्रालाही मिळाला नसता.

आधी पाळी लावली होती. पण कौतिकाबाईची पाळी आली, आणि पाळीच मोडली! फुलाबाई ओळीत सगळ्यांत वडील, न नेमलेली मालकीणच. तिने निकाल दिला — "आता दरवेळी हीच जाईल." अहो, कौतिकाबाई पिक्चर सांगायची म्हणजे काय? खलनायक आला की शेडमधला मुकादम घाबरायचा! आणि मत असं द्यायची — "बाई चुलीवर भाकरी थापीत व्हती, पण हाताला पीठ नव्हतं. मला नाय पटली." एकदा म्हणाली, "हीरो गरीब म्हनं, आन् घरातली भांडी आरशावानी! पानी कुठून आनतो त्यो? आमच्या आळीला नळ नाय." बघा! हे मत! स्वतःच्या डोळ्याचं!

पण मंडळी, या कौतिकाबाईचाही एकदा पाय घसरला.

पहाटेपासून पाण्याच्या रांगेत उभी राहून ती दुपारी थेटरात जाऊन बसली. अंधार, वर पंखा, खाली मऊ खुर्ची! इंटरव्हलनंतर लागली डुलकी — तुम्हाला कीर्तनात लागते तशी! डोळे उघडले तर लोक चपला शोधताहेत. आता काय करायचं? अकरा जणी वाट पाहताहेत. दुसऱ्या दिवशी तिने काय केलं? अर्धा पिक्चर स्वतःच रचून सांगितला! हिरॉईन कलेक्टर झाली, सासूने पाय धरले, खलनायक माळकरी झाला! बाया खूश! बिड्या भराभर!

आणि चार दिवसांनी एकीची नणंद तोच पिक्चर पाहून आली. म्हणाली, "कलेक्टर कसली? ती तर मेली की शेवटी!"

शेडमध्ये कात्र्यांचा तेवढा आवाज — कच्, कच्. फुलाबाईने मान वर न करता विचारलं, "कौतिके, खरं काय?"

"झोप लागली व्हती, मावशी."

फुलाबाई म्हणाली, "तुझी गोष्ट बरी व्हती गं. त्या पिक्चरापरीस बरी व्हती. पन आम्ही तुझे डोळे पाठवले व्हते, तुझी जीभ नाय."

मंडळी, हे वाक्य कधी शाळेत न गेलेल्या बाईने म्हटलंय! कौतिकाबाईने तिथेच सुपाला हात लावून शपथ घेतली — पाहिलं तेच सांगीन. झोप लागली तर झोप लागली म्हणेन.

तिला एक मुलगी होती. ती जन्मली त्या वर्षी गाजलेल्या पिक्चरच्या नायिकेवरून नाव ठेवलं — हेमलता. हेमलता दोन वर्षांची असताना वडील गेले. कौतिकाबाईने एकटीने, याच दहा बोटांवर मुलगी शिकवली. मुलगी शिकली, पुण्याला गेली, मुंबईला गेली आणि म्हणाली, "आई, मी पिक्चर काढणार!" लोक हसले. कौतिकाबाई नाही हसली. ती म्हणाली, "काढ. पन पीठ लाव हाताला."

आणि काढला हो! सात वर्षं धडपडून काढला! आणि कुणावर काढला? राजावर नाही, राणीवर नाही. याच शेडवर, याच बायांवर! दहा दिवसांनी परदेशातल्या मोठ्या स्पर्धेला पाठवायचा होता. पण पोरगी म्हणाली, "आधी सिन्नरला दाखवणार. त्याच थेटरात. दुपारच्या खेळाला!"

त्या दिवशी थेटरात मी स्वतः होतो, मंडळी. ज्या बायांनी बारा जणींत एक तिकीट काढलं, त्याच आता ओळीने खुर्च्यांवर बसल्या होत्या! सगळ्यांच्या पुढे फुलाबाई — नव्वदीची, नातवाने उचलून आणलेली. अंगावर ठेवणीतलं लुगडं. छाती अशी फुगली होती माझी, शर्टाचं बटण तुटेल म्हणून हात धरून बसलो!

पिक्चर सुरू झाला. हुबेहूब! तीच शेड, तीच पानं, तीच सुपं. बाया पडद्याकडे बोट दाखवून एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. आणि मग आला तो प्रसंग. शेडच्या दारात निरोप्या येतो आणि एका बाईला सांगतो, "तुझा नवरा गेला." पडद्यावर काय झालं? सगळ्या बायांचे हात थांबले! सुपं खाली पडली, तंबाखू उधळली, सगळ्या धावल्या, गळ्यात गळे! वाजंत्री सुरू! अख्खं थेटर रडलं. मी पण रडलो. आमच्या बाजूला बसलेले सावकार — ते तर हुंदके देऊन.

पिक्चर संपला. टाळ्या! माईक आला. गावचे एक पुढारी बोलले, "सुरुवात अप्रतिम!" आले होते ते इंटरव्हलनंतर! दुसरे म्हणाले, तिसरे म्हणाले, सगळ्यांचं एकच — भारी, भारी, भारी. मग हेमलताने स्वतः माईक आईपुढे धरला. "आई, तू सांग. कसा वाटला?"

मंडळी, इथे थांबा जरा. मृदंग थांबवा. त्या माउलीच्या जागी स्वतःला उभं करा. एका बाजूला पोटची पोर, तिची सात वर्षं, सगळ्या गावादेखत तिची अब्रू. दुसऱ्या बाजूला सुपाला हात लावून घेतलेली शपथ. एक 'भारी' म्हटलं की सुटली! काय जात होतं?

कौतिकाबाई उठली. पदर सारखा केला.

"पोरी, पिक्चर चांगला हाये. माझ्या जल्मात मी एवढा चांगला पाह्यला नाय. पन एक जागा खोटी हाये."

हेमलताने माईक आईपुढून हलवला नाही.

"हात थांबले कसे?"

"आई..." हेमलता हळूच म्हणाली, "तो प्रसंग आधी मी तसाच लिहिला होता. शेडमध्ये हात कधी थांबत नाहीत, म्हणून हात चालू ठेवून. मुंबईत सगळे म्हणाले, हात थांबले तरच लोक रडतील. आणि मलाही वाटलं, माणूस गेल्यावर कुणाचे हात चालू राहतील?"

"तुला ठाऊक नाय. मी तुला कधी सांगितलंच नाय." कौतिकाबाई थेटराकडे वळली आणि मंडळी, चाळीस वर्षं दुसऱ्यांचे पिक्चर सांगणाऱ्या बाईने त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचा सांगितला!

"हिचा बाप गेल्याचा निरोप आला, तवा मी सूप ठेवून उठले. दारापाशी गेले आन् मागं पाह्यलं. अकरा जणींचे हात चालू! एकीचा थांबला नाय! डोळ्यांतलं पानी पानावर गळत व्हतं, पन हात चालू. मला असा राग आला! म्हनलं, बाया हायेत का दगडं? त्याच रागात घरी गेले. तेरा दिवस राग धरला. चौदाव्या दिवशी कामावर आले. मला वाटलं, नाव कमी झालं आसल. तेरा दिवस घरी बसल्यावर कोन ठेवतं? तर मुकादम म्हनला, तुझं काम तर रोज आलंय. रोज हजार. फुलामावशीकडं पाह्यलं, तर ती मान वर करीना. अकरा जणींनी आपलं काम करून रोज माझं बी वळलं व्हतं. मी पिक्चरला गेल्यावर वळायच्या ना, तसंच. मी दारातून मागं पाह्यलं, तवाच त्यांनी सुरू केलं व्हतं. मी मधीच उठून गेले आन् मत ठरवलं! शेवट पाह्यलाच नव्हता!"

मग ती मुलीजवळ गेली. "हेमे, ते हात थांबले असते, तर आज तुझ्या हातात माईक नसता. लोकांला रडवायसाठी त्या हातांला थांबवू नको. लई अभिमान वाटतो मला तुझा, म्हनून सांगते. परक्याच्या पिक्चराला खरं सांगितलं, आन् पोटच्या पोरीला खोटं सांगू?"

आणि मग, मंडळी, हेमलताचं लक्ष पहिल्या रांगेत गेलं. माझंही गेलं. नव्वदीची फुलाबाई बसली होती. सूप नाही, पान नाही, काही नाही. मांडीवरच्या रिकाम्या लुगड्यावर तिची बोटं चालू होती! वळायची, बांधायची, मुडपायची. पूर्ण पिक्चरभर चालू असणार! हेमलता खाली आली, तिने ती बोटं आपल्या दोन्ही हातांत धरली आणि आईकडे बघून एवढंच म्हणाली, "चुकले. पुन्हा काढते."

"काढ," कौतिकाबाई म्हणाली. "पानं मी भिजवून ठेवते."

दिवस किती? दहा! मुंबईचे लोक म्हणाले, वेड लागलंय. तिसऱ्या दिवशी त्याच जुन्या शेडमध्ये कॅमेरा लागला. नट्या नाहीत! त्या ओळीतल्या ज्या सात जणी उरल्या होत्या, त्याच बसल्या. मांडीवर सूप. निरोप्या दारात आला. तीच बातमी. सात जणींनी ती चाळीस वर्षांनी पुन्हा ऐकली. डोळे भरले, पाणी गळलं — आणि हात? हात चालूच! कच्, कच्, कच्! वाजंत्री लागली नाही हो. कॅमेरा धरणाऱ्या माणसाने बाहीला डोळे पुसले.

मनासारखं झालं. हेमलता म्हणाली, "कट!"

हात चालू.

"मावशी, झालं! कट! थांबा आता!"

फुलाबाई मान वर न करता म्हणाली, "थांब गं पोरी. एवढी जुडी व्हऊ दे."

अहाहा! घ्या हो नाम एकदा, मोठ्याने घ्या! त्या सात जणींत डावीकडून तिसरी जी, हिरव्या काठाची — ती माझी आई. मी आख्यान कुणा शास्त्रीबुवांकडे शिकलो नाही. आईने कौतिकाबाईकडून पिक्चर ऐकले, घरी येऊन आम्हाला सांगितले, त्यातून शिकलो. लोक विचारतात, बुवा, तुमचं घराणं कोणतं? मी मान ताठ करून सांगतो — बिडीच्या शेडचं!

आता तुमच्या मनात आहे, स्पर्धेत बक्षीस मिळालं का? तिकडच्या लोकांना कसा वाटला? मंडळी, तिकडे मी नव्हतो. मी पाहिलेलं नाही. आणि जे पाहिलं नाही, ते या व्यासपीठावरून सांगणार नाही — फुलाबाई वरून ऐकते आहे!

पण तुमचं काय? उद्या सकाळी पारावर, नळावर, फोनवर तुम्हाला कुणीतरी विचारणार, "कालचं कीर्तन कसं झालं?" शेजाऱ्याचं ऐकून 'भारी' म्हणू नका. घरची चार माणसं आली नव्हती. त्यांनी तुमचे डोळे पाठवलेत. आवडलं तर काय आवडलं ते सांगा. बुवा कुठे चुकला ते दिसलं असेल, तर तेही सांगा; मला येऊन सांगा, मी पाया पडेन. आणि ते खांबाला टेकलेले दादा... उठवा हो त्यांना, हळूच! दादा, तुम्हाला विचारलं, तर फक्त एवढंच म्हणा — "झोप लागली होती."