आत येणारी पावलं

नाही सर, चहा नंतर. आधी तो टॅब मिटा. मी विचारलं त्याचं उत्तर द्या – शनिवारी दुपारी तुम्ही आमच्या आईला तुमचा सिनेमा दाखवलात का? आई म्हणजे सासूबाई, पण मी पहिल्यापासून आईच म्हणते, तर – दाखवलात. बरं. तिनंच मागितला म्हणता? मागणारच. पुण्याचा लेखक आरोंद्यात येतो, आपल्या पडवीत बसून लिहितो, आपण केलेले घावणे खातो, वर 'यशोदाबाई, तुमच्या हाताला काय चव आहे' म्हणतो – ती मागणारच. पण तुम्हाला माहीत होतं ना, या घरात काय झालंय? पहिल्याच दिवशी तुम्ही भिंतीवरचा फोटो बघून विचारलं होतंत, हे कोण. मी सांगितलं, माझा नवरा, सुशांत, जाऊन चार वर्षं होत आली. तुम्ही मान खाली घातलीत. मला वाटलं, भला माणूस आहे. आणि मग त्याच फोटोखाली बसून त्याच्याच आईला दाखवलंत काय, तर मेलेला नवरा घर सोडून जात नाही, त्याची गोष्ट.

बसा हो. घावणे गार होऊ देत, गरम करून देईन – किंवा नाही देणार, बघू. काय बिघडलं म्हणून विचारताय ना, ऐका. येत्या गुरुवारी माझं लग्न आहे. हो, माझं. तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण पाहुण्यांना घरातलं सगळं वाचून दाखवायची आमच्याकडे पद्धत नाही. धामापूरचा दत्तप्रसाद, कलमांची नर्सरी आहे त्याची. भगवतीच्या देवळात लग्न, दोन्हीकडची मिळून वीस माणसं, जेवण, संपलं. आणि हे जमवलं कुणी? मी? मी तर दोनदा नाही म्हटलं होतं. आईनं जमवलं. स्वतः एसटीनं धामापूरला गेली, त्याचं घर बघून आली, विहीर बघून आली, त्याच्या आईची जीभ कशी आहे तेसुद्धा बघून आली. आणि काल सकाळी तिनंच, मला न विचारता, तिकडे फोन केला – 'जरा थांबूया, आमच्या घरात अजून माणूस आसा.' दत्तप्रसादच्या आईला वाटलं तुमच्याबद्दलच बोलतेय. म्हणाली, पाहुण्यांनाही घेऊन या की लग्नाला. हसू नका सर. मी हसले नाही.

शनिवारपासून ती दोन कप चहा ओतते. एक तिचा, एक तसाच थंड होतो. काल मी दत्तप्रसादशी फोनवर बोलत होते तर दारात येऊन म्हणते, 'किशोरी, हळू बोल गो. तो ऐकता.' कोण ऐकता, आई? 'तोच. भायरच्या माणसान सांगितल्यान म्हणान माका कळला, नायतर चार वर्सां तो हयच आसा आणि आपणाक पत्तो नाय.' बाहेरचा माणूस म्हणजे तुम्ही. तुम्ही सांगितलंत. तुम्ही म्हणाल, मी कुठं सांगितलं, ती गोष्ट आहे, कल्पना आहे – ती सदुसष्ट वर्षांची बाई आहे सर, तिनं आयुष्यात पाच सिनेमे बघितले असतील, आणि सहावा तो लिहिणाऱ्या माणसानं शेजारी बसून दाखवला. शेजारी बसून रुमालाला डोळे पुसले. आता ती कुणावर विश्वास ठेवणार, माझ्यावर?

आणि काय आहे हो त्या सिनेमात? नवरा अपघातात जातो आणि संध्याकाळ झाली की झोपाळ्यावर येऊन बसतो. कुणाला दिसत नाही. बायकोचं दुसरं लग्न ठरतं. मुहूर्ताची वेळ होते, ती हार ताटात परत ठेवते, घरी येते, झोपाळ्याची अर्धी जागा सोडून बसते आणि झोपाळा हलतो. टाळ्या. पुढं काय होतं तिचं? दुसऱ्या दिवशी सकाळी? ती तीस वर्षांची आहे. ती साठ वर्षांची होईपर्यंत झोपाळा हलणार आणि गॅसचा सिलिंडर कोण उचलणार? तापानं फणफणली तर झोपाळा डॉक्टरला बोलावणार? ते तुम्ही लिहीत नाही, कारण मग रुमाल निघत नाहीत. तुमचा मेलेला माणूस नेहमी इस्त्रीच्या शर्टात येतो. त्याला दाढी वाढत नाही, वास येत नाही, बायकोशी तो कधी खेकसून बोलत नाही. जिवंतपणी भांडत असतील ना ती दोघं? मेल्यावर एकदाही नाही. असा नवरा कुणाला नको असेल – काही मागत नाही, नुसतं प्रेम करतो. जिवंत माणूस त्याच्यापुढं कसा टिकेल? दत्तप्रसाद घोरतो म्हणे. त्याच्या आईनंच सांगितलं, आधी सांगून ठेवलेलं बरं म्हणून.

सुशांतला माकडताप झाला होता. काजीच्या, म्हणजे काजूच्या, बागेतली गोचीड चावून येतो तो, तुम्ही गुगल करून बघा. नवव्या दिवशी नाकातून रक्त यायला लागलं, गोव्याला हलवलं. शेवटचे दोन दिवस त्यानं मला ओळखलं नाही. मला परिचारिका समजून सांगत होता, बायकोला निरोप द्या. मी म्हटलं, मीच आहे रे. तर म्हणतो, तिला सांगा, अंगणात काजी वाळत घातल्यात, त्या भरून ठेव. तेवढंच. हेच शेवटचं. प्रेम बिम काही नाही, काजी. मी त्या भरल्यासुद्धा, सगळं झाल्यावर, सुतक संपल्यावर. निम्म्या दवानं काळ्या पडल्या होत्या. हे घ्या तुमच्या सिनेमात. घेणार नाही तुम्ही.

काय? – हो, शेवट मला माहीत आहे, मग? स्वयंपाकघरातून दिसला मला शनिवारी. नाही, पूर्ण नाही बघितला. म्हणजे – बघितला. आधीही बघितला होता. नऊ वर्षं झाली ना त्याला? मी सावंतवाडीला बी.एस्सी.ला होते. पूजा म्हणून मैत्रीण होती माझी, तिच्या मोबाईलवर आम्ही तो बघितला, केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल बुडवून. तीनदा. तेव्हा तुमचं नाव कुणाला माहीत होतं, सिनेमाचा लेखक कोण बघतो. पूजा म्हणायची, नवरा असावा तर असा. मी म्हणायची, बायको असावी तर अशी, हार परत ठेवणारी. रडलो आम्ही दोघी. वीस वर्षांच्या मुलींना काय, कुणी मेलेलं नसतं त्यांचं. फुकटचं रडायला छान वाटतं. त्याबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही. देते. देतेच, सर.

तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही आणि ती मी सांगणार नव्हते, पण त्याशिवाय तुम्हाला कळणार नाही, तुम्ही काय मोडलंत ते. आमच्याकडे माणूस गेला की त्याला जिथं ठेवलं होतं, त्या जागी तांदळाचं पीठ पसरतात. शेजारी दिवा, वर टोपली पालथी. सकाळी टोपली उचलून बघायचं, पिठात कशाचा ठसा उठलाय. पक्ष्याचा उठला तर पक्ष्याच्या जन्माला गेला, गाईच्या खुराचा उठला तर गाईच्या. काहीच नसलं तर जीव कुठंतरी अडकलाय. मी सायन्सची, माझा कशावर विश्वास नाही. पण त्या दिवशी आई अंत्ययात्रा निघाल्यापासून एकच बडबडत होती, काय नाय उठला तर गो, काय नाय उठला तर. पहाटे ती जरा कलंडली आणि मी टोपली उचलली. पीठ साफ. नुसतं पांढरं, सपाट. झुरळसुद्धा फिरकलं नव्हतं.

मग मी मूठ वळली. गोकुळाष्टमीला बाळकृष्णाची पावलं काढतो ना आम्ही, मुठीची करंगळीकडची बाजू टेकवायची आणि वर बोटाच्या टोकानं पाच ठिपके – तसं. लहान मुलाचं पाऊल, हुबेहूब. टोपली ठेवली, हात धुतले, अंथरुणावर जाऊन पडले. सकाळी आई किंचाळलीच. रडली, हसली, चार घरं बोलावून पावलं दाखवली – माझो झील माणसाच्या जन्माक गेलो. त्या दिवशी ती जेवली, सर. चार दिवसांनी पहिल्यांदा.

आणि तेव्हापासून तिच्यापुरता तो वाढतोय. एसटीत कुणाच्या कडेवर पोर दिसलं की विचारते, 'कितक्या म्हयन्याचो?' आणि बोटांवर मोजते, हिशेबात बसलं तर त्याच्या हातात बिस्किट ठेवते. यंदा म्हणाली, आता बालवाडीत घातलो आसतलो त्याका. त्याच्याच दुसऱ्या दिवशी धामापूरचं स्थळ काढलं. मी नाही म्हटलं तर काय म्हणाली? 'तो खंयतरी दुसऱ्या घरात नाचता बागडता आसतलो, आणि तू कित्याक हय बसान रवतंस?' आता सांगा. तो गेलाय म्हणून ती मला सोडत होती. माझ्या त्या दोन मिनिटांच्या खोटेपणावर तिनं हे सगळं उभं केलं होतं, आणि ते चांगलं उभं होतं, तुमच्या झोपाळ्यापेक्षा कितीतरी चांगलं – कारण त्यात तो मोठा होत होता, आणि मला जायची वाट होती.

शनिवारी सिनेमा संपला आणि ती आत आली. मी नारळ खवत होते. माझ्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, 'किशोरी, ती पावलां आठवतत तुका? ती भायर जाणारी नाय होती गो. भितर येणारी होती.' खवणं थांबलं माझं. खरं होतं. टाचा दाराकडे, बोटं घरात. अष्टमीची पावलं, लक्ष्मीची पावलं, कधी कुणी बाहेर जाणारी काढतं का? जन्मभर आत येणारीच काढत आले, हाताला तेवढंच माहीत. चार वर्षं तिच्याही लक्षात नाही आलं. तुम्ही तिला घरात राहिलेला नवरा दाखवलात आणि तिनं चार वर्षांपूर्वीचं पाऊल डोळ्यापुढं आणून उलटं वाचलं. नाही, उलटं नाही. बरोबर वाचलं.

सवय होती. सवयच, दुसरं काय? तुम्ही असे बघू नका. तिच्यासाठी काढली ती, तिनं जेवावं म्हणून. माझा काय संबंध. एक पाऊल पुरलं असतं, हो, मला कळतं, एका पावलावरही ती जेवली असती. तीन काढली मी. तिसरं टोपलीखाली मावेना, म्हणून टोपली सरकवली, आमच्या खोलीच्या उंबऱ्याकडे. पीठ तिथपर्यंत नव्हतंच, चिमटीनं घालावं लागलं. आणि मग मी खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले, अर्धी जागा सोडून. महिनाभर सोडत होते. असं बसायचं, असं झोपायचं, हे मला कुणी शिकवलं होतं? माझी आई माझे वडील गेल्यावर तिसऱ्या दिवशी शाळेत शिकवायला गेली, तिनं नाही शिकवलं.

पेन ठेवा. ठेवा म्हणते ना. तुमचे डोळे बघा कसे झालेत. शनिवारी आईजवळ बसून रडत होतात तेव्हाही असेच झाले असतील. तुमचा नवा सिनेमा आमच्या खाडीवर घडतो म्हणालात, त्यात हे बसेल, पीठ, टोपली, आत येणारी पावलं, फार सुंदर दिसेल, दिव्याचा पिवळा उजेड वगैरे. नाही घालायचं. शब्द नको मला तुमचा, तुमच्या शब्दानंच तर हे झालंय.

काय करणार म्हणून विचारता? करण्यासारखं एकच आहे. तिला सांगायचं, आई, ती पावलं माझ्या मुठीची. मग तो घरात नाही. पण मग तो बालवाडीतही नाही सर, कुठंच नाही, आणि एसटीतल्या पोरांना ती बिस्किट कशाला देईल? हे मी चार वर्षं टाळलं. गुरुवार टळला तर पुढचा गुरुवार येईल, दत्तप्रसाद थांबेल, चांगला आहे तो, सहा महिनेही थांबेल. आणि तो थंड होणारा कप हळूच मीच ओतायला लागेन. मला माहीत आहे ना मी कशी आहे. काल संध्याकाळी मी सुशांतच्या खुर्चीवर कपड्यांच्या घड्या ठेवायला गेले आणि न ठेवता परत आले. खुर्ची रिकामी होती. तरी परत आले.

सावंतवाडीची एसटी साडेअकराला आहे. तुमचं सामान भरा, रिक्षा मी बोलावते, तिठ्यापर्यंत सोडेल. पुढच्या दारानं जा, मागच्या पडवीत आई वाल सोलत बसलीय, मी आता तिच्याजवळ जाऊन बसणार आहे. नाही, तुम्ही थांबायचं नाही. निरोप घ्यायला येऊ नका, मी सांगेन तिला. ती काय बोलते, रडते की मला मारते, की काहीच बोलत नाही, ते तुम्हाला कळणार नाही. हे दार मी ओढून घेतेय.