हौदातलं पाणी

(दुष्काळातला वैशाख. सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्याचं फाटक. राधाकिशन आणि त्याचा पुतण्या बद्रीनाथ रिकामा टँकर घेऊन आले आहेत. राधाकिशनची बायको केशरबाई समोर उभी, लुगडं ओलंचिंब.)

केशरबाई : म्हनलं ना, हौदात पानी न्हाई.

राधाकिशन : न्हाई कसं? काल काठोकाठ व्हता. जनावरांच्या छावनीला द्यायचा म्हनून सभासदांनी ठराव केलाय. मीच मांडला.

केशरबाई : संपलं. मघाशी आग लागलती.

राधाकिशन : शिवकन्या? लेकरू?

केशरबाई : सून बरी हाय, नातू बी बरा हाय. पदराखाली निजलाय तिच्या.

राधाकिशन : नीट सांग मला.

केशरबाई : बारक्यांना काचंच्या पेटीत ठिवत्यात, त्या खोलीला लागून गाद्यांची खोली. तिथं वायर जळाली. काळा धूर आला, अन् छताच्या बारक्या तोट्या फुटल्या. एक आत, एक दाराबाहेर, माझ्या डोक्यावर. कुनी बटन दाबलं न्हाई. धग लागली की आपसूक फुटत्यात म्हनं. हौदातलं पानी छतातून कोसळायलं.

राधाकिशन : मंग पळालीस का न्हाई?

केशरबाई : हसू नगा. घागर लावली.

राधाकिशन : आगीत?

केशरबाई : एवढं पानी वाया चाललं, हात आपसूक गेला. माझं बघून आनिक दोघींनी बादल्या लावल्या. सिस्टरनं माझी घागर पायानं लोटली अन् हातात एक लेकरू दिलं. म्हनली, मावशी, हे धरा. आपलं न्हवतं ते. कुनाचं व्हतं, ठावं न्हाई. बाहीर येऊन बघितलं तर जाळ बसलेला. पन गाद्या आतून धुमसतच व्हत्या, मंग कारखान्याच्या मान्सांनी नळ्या लावून समदा हौद वतला. एक बी लेकरू गेलं न्हाई.

बद्रीनाथ : काका, सकाळी चाक पंक्चर झालं नसतं तर...

राधाकिशन : गप बस.

बद्रीनाथ : लई शिव्या दिल्या वो मी त्या चाकाला.

राधाकिशन : गप म्हनलं ना. डॉक्टरीनबाईंनी हात जोडलते मला. म्हनल्या, हा हौद भरलेलाच असावा लागतो. मी भर बैठकीत म्हनलो, जनावरं तहानंनं मरायलीत अन् बाईंनी पानी देव्हाऱ्यात ठिवलंय. समदे हसले. मी बी हसलो.

केशरबाई : झालं ते झालं. चला, नातू बघा.

राधाकिशन : थांब जरा. बद्री, लांब पडलं तरी धरनावर जा. टँकर भरून आन.

बद्रीनाथ : अन् छावनीला न्यायचा ना?

राधाकिशन : न्हाई. हितं. हौदात वत.

केशरबाई : अवो, आपले बैल बी हायती छावनीत. कालपासून अर्ध्या बादलीवर उभे हायती.

राधाकिशन : ठावं हाय. दुसरी खेप त्यांची.

बद्रीनाथ : छावनीतली मान्सं इचारतील, पानी कावून आलं न्हाई. काय सांगू?

राधाकिशन : तू नको सांगू. नातवाचं तोंड बघतो अन् मीच जातो. बैलापाशी बसून सांगतो त्यांना.