गार सीट

आमच्या उत्तर मिनेसोटात फेब्रुवारीत गाडी म्हणजे बर्फाची पेटीच. पिकअपच्या सीटचा हीटर विकत घ्यायला मी गाड्यांच्या सामानाच्या दुकानात रांगेत उभा होतो. माझ्यापुढे म्हातारा ऑर्विल आणि त्याचा शेजारी, हेडाचा नवरा केंट.

"केंट, तुझ्या गाडीत बसून माझं बूड गोठलं! सीटचा हीटर दुरुस्त कर की लेका!"

"नाही करणार."

"अरे, बाहेर उणे वीस आहे!"

"काका, हळू बोला. हेडाला दिवस गेलेत."

"काय सांगतोस! पण डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या होत्या, की तुझ्यात..."

"हळू! हो, दोष माझ्यातच. आपोआप होणं जवळजवळ अशक्य, म्हणाल्या. आम्ही आशाच सोडली. पाळणा बहिणीला दिला आणि बाळासाठी ठेवलेल्या खोलीत मासेमारीचं सामान भरलं."

"मग झालं कसं?"

"ऑक्टोबरात हीटर बिघडला. आळसात तसाच राहिला."

"त्याचा काय संबंध?"

"पुरुषाला तिथं सतत ऊब बरी नसते म्हणे. डॉक्टरीणबाई म्हणतात, नुसता योगायोगही असेल, कधीकधी होतं असं."

"आणि हेडा?"

"ती म्हणते, हीटरला हात लावलास तर याद राख."

"पण आता काम फत्ते झालं ना? मग कशाला गारठतोस?"

"तिला दुसरंही हवंय."

दोघं तेलाचा डबा घेऊन निघून गेले. काउंटरवरच्या बाईनं मला विचारलं, "तुम्हाला काय देऊ?"

"वायपर," मी म्हटलं.