मत्स्यालय हॉटेलातील टाकीत वडिलांनी उडी घेतल्याबाबत

मी, वर नाव नोंदवलेली, वय ५१ वर्षे, धंदा दातांच्या कवळ्या बनवणे, राहणार वडिलांसोबत, समक्ष हजर राहून सांगते की, माझे वडील पोहण्याचे शिक्षक होते. हल्ली त्यांना विसरायला होते. माझे नाव ते रोज विसरतात, मी रोज सांगते. त्यात माझे काही बिघडत नाही.

मला दोन धाकटे भाऊ आहेत. त्यांतला थोरला स्वतःला घरचा कर्ता म्हणवतो, घरी मात्र वर्षातून एकदा येतो. धाकटा त्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतो. आज संध्याकाळी त्यांनी आम्हाला मत्स्यालयाच्या थाटाच्या हॉटेलात जेवायला नेले. भिंतभर काचेची टाकी, छताला प्लास्टिकचा शार्क, वेटरच्या डोक्यावर खेकड्याची टोपी. थोरल्याला ही जागा फार उच्च वाटते.

त्याने बाबांना टाकीकडे तोंड करून बसवले आणि त्यांच्या पाठीमागे बोलणे काढले. बाबांना वृद्धांच्या संस्थेत ठेवायचे दोघांचे ठरले होते, सोमवारी न्यायचे होते. मी म्हटले, "बाबांना विचारलंत का?" थोरला म्हणाला, "त्यांना काय कळतंय, ताई?" तेव्हा त्याच्या मिशीला सूप लागले होते. मी सांगितले नाही.

तेथे रोज एक पाणबुड्या टाकीत उतरून माशांना खायला घालतो आणि गिऱ्हाइकांना दोन्ही हात हलवून दाखवतो. आज लोक टाळ्या वाजवत असताना बाबा उठले. "अरे, माणूस बुडतोय!" धाकट्याने हसत मोबाइल काढला. बाबा बाजूच्या दारातून शिडी चढले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी उडी घेतली.

त्यांनी पाणबुड्याला हनुवटीखाली हात घालून वर आणले. "घाबरू नकोस, मी धरलंय," असे ते म्हणाले. झटापटीत पाणबुड्याचा चष्मा आणि नळी निघाली. त्याची तक्रार नाही. मग बाबांचा दम संपला आणि ते खाली गेले. लहानपणापासून कान फुटलेला असल्याने मला पोहता येत नाही. मी शिडीवरून ओरडले, "उतरा रे कुणीतरी!" थोरल्याने एक बूट काढला, मॅनेजरला विचारले, "तुमचा माणूस आहे ना आत?" आणि बूट पुन्हा घातला. पाणबुड्यानेच चाचपडत बाबांना कॉलर धरून बाहेर काढले.

आता थोरल्याने येथे पोलीस ठाण्यात लिहून दिले आहे की बाबांपासून लोकांना धोका आहे, त्यांना संस्थेतच ठेवावे. माझे म्हणणे असे की, माणूस बुडताना पाहून त्या टेबलावरचा एकच जण उठला. दोघा भावांची डोकी ठिकाणावर आहेत, आणि दोघांना पोहायला बाबांनीच शिकवले आहे. बाबा बाहेर बाकावर टेबलक्लॉथ पांघरून बसले आहेत. ते माझ्याबरोबर घरी येतील.

हा जबाब मला वाचून दाखवण्यात आला. त्यात "भावांनी मदतीचा प्रयत्न केला" असे एक वाक्य हवालदारांनी आपणहून घातले होते, ते मी खोडायला लावले. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे खरे आहे.